अंगणवाडी, शाळा, बालकल्याण समिती : पालकांना विचारले जाते ते निर्णयाआधी की निर्णयानंतर?

करवीरची_लेक | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. आमचे गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहरापासून फार लांब नाही. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणा एकाची तक्रार करायची नसून सगळीकडेच रुळलेल्या एका सवयीविषयी बोलायचे आहे. माझी धाकटी मुलगी अंगणवाडीत आणि मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे, म्हणजे निदान कागदावर तरी निर्णय घेणाऱ्यांमध्ये माझे नाव आहे.

गेल्या पावसाळ्यात, म्हातारा पाऊस ऐन भरात असताना, देवळाशेजारच्या खोलीत भरणारी आमची अंगणवाडी रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलवण्यात आली. इमारतीला नाव ठेवायला जागा नाही. फरशी आहे, भिंतींवर अक्षरे आणि चित्रे आहेत, मुलांच्या उंचीचा संडास आहे. अडचण आहे ती मधल्या रस्त्याची. हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसभर जातात. आमच्या गल्लीतल्या बहुतेक आया सकाळीच भांगलणीला जातात आणि मुलांना सोडायचे काम आजीकडे असते. देवळापर्यंत आजी काठी टेकत जात असे. रस्ता ओलांडून पलीकडे ती जात नाही. पहिल्या महिन्यात आमच्या एका गल्लीतली सात मुले यायची थांबली.

हा निर्णय आम्हाला कळला तो वजनकाटा, सतरंज्यांची वळकटी आणि खेळण्यांची पेटी टेम्पोत चढताना पाहून. त्यानंतर आठवड्याभराने वही घरी आली. "सही तेवढी करा की वहिनी, बाकीच्यांनी केल्यात," असे सांगण्यात आले. वहीत लिहिले होते की उपस्थित पालकांनी सविस्तर चर्चा करून एकमताने मंजुरी दिली. बैठकीची म्हणून जी तारीख घातली होती, त्या दिवशी मी माहेरी निपाणीला होते. मी सही केली. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवले तर या धाग्याला अर्थ उरणार नाही.

मला जाणून घ्यायचे आहे की मुलांशी संबंधित स्थानिक निर्णयांत पालकांचा हक्क नेमका कोठवर जातो, आणि कोणाच्या गावात किंवा पेठेत हे काम खरोखर जमले असेल तर ते कसे जमले.

---

निवृत्त_मुख्यसेविका | सोमवार, सकाळी ७.१५

ताई, त्या वहीवर सही करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि ती वही घेऊन दारोदार फिरणारी सेविकाही बहुधा खुशीने फिरलेली नसेल. मी एकोणतीस वर्षे या खात्यात काढली. अंगणवाडी कोठे भरावी याविषयी सेविकेला पालकांच्या आधी कळते, असे समजू नका. इमारत पूर्ण झाली की फोन येतो, दोन दिवसांत स्थलांतर करून छायाचित्र पाठवा म्हणून सांगितले जाते, आणि ठराव मागाहून लिहिला जातो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आरोग्य व पोषणाचे शिक्षण अशा तिच्या सहा सेवा आम्हाला प्रशिक्षणात पाठ करायला लावत. या सहाही ठिकाणी आई आहे, पण ती घेणारी म्हणून आहे. तिने काही सांगावे अशी जागा त्या यादीत मला कधी दिसली नाही.

एक प्रसंग सांगते. घरी न्यायच्या आहाराची पाकिटे आम्ही वर्षानुवर्षे वाटत होतो आणि काही घरांतल्या मुलांचे वजन तसूभरही हलत नव्हते. मी गृहभेटीला गेले तेव्हा एक बाई म्हशीच्या आंबोणात तेच पाकीट फोडून कालवत होती. मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, पोरगं तोंडात धरत न्हाई. म्हशीला घालू न्हाईतर काय करू?" तोवर आम्ही अशा आयांना अडाणी समजून त्यांच्या प्रबोधनाचे मेळावे घेत होतो. मुलाला चव आवडते का, हा प्रश्न वरपासून खालपर्यंत कोणीही त्या आईला विचारला नव्हता, आणि त्यात मीही आले.

आता तर आहार घेताना मोबाइलवर लाभार्थ्याच्या चेहऱ्याची पडताळणी करावी लागते. रेंज नसली की आई ताटकळत उभी राहते आणि बोलणी सेविका खाते.

---

शाहूपुरीचा_वकील | सोमवार, दुपारी २.०५

कायद्यापुरते बोलतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आपल्याकडे समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस, आणि आलेल्या अनुदानाचा वापर कसा होतो हे पाहणे, ही कामे कायद्यानेच समितीकडे दिली आहेत. अनुदानित खासगी शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीची भूमिका सल्ल्यापुरती राहिली, आणि विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही. तेथील पालकांना आधार आहे तो महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याचा. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडत काढून ठरते आणि शुल्कवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो. सोडतीची ही कल्पना मला व्यक्तिशः फार आवडते, कारण संस्थाचालकांच्या मर्जीतले पाच पालक दरवर्षी फिरून फिरून येण्याला त्यामुळे निदान थोडा आळा बसतो.

अंगणवाडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या जागेचा प्रश्न शेवटी ग्रामपंचायतीकडे येतो, म्हणून पालकांचे खरे व्यासपीठ ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा व्हावी लागते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती कशावर खर्च झाली, हे विचारायला कोणत्याही समितीचे सदस्य असावे लागत नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. आपल्याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. पालकाला जाब विचारणारा कायदा आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी आला. पालकाने जाब विचारायचा कायदा अलीकडचा आहे, आणि त्याची सवय अजून दोन्ही बाजूंना व्हायची आहे.

---

राधानगरीचा_मुख्याध्यापक | सोमवार, रात्री १०.२०

वरचे सारे वाचले. आता दुसरी बाजू मी मांडली नाही तर ती येथे कोणी मांडणार नाही.

आमच्या भागात जुलैत रोपलावण असते. त्या काळात बैठक बोलावली तर माणूस सोडाच, कुत्रे फिरकत नाही. तरीही महिन्याला बैठक दाखवावी लागते, अनुदान खर्च करायला ठराव लागतो, आणि ठराव वेळेत अपलोड झाला नाही तर पैसे परत जातात. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, कसली ना कसली माहिती आजच्या आज भरा म्हणून आलेला संदेश. अशा वेळी इतिवृत्त आधी लिहून सह्या मागाहून घेतल्या जातात, हे मी नाकारत नाही. मी स्वतः तसे केले आहे.

शिवाय पालक म्हणजे एकजिनसी समूह नव्हे. समितीच्या निवडीत गावातले दोन गट उतरतात. एका वर्षी अध्यक्षपदावरून इतकी चुरस झाली की जणू साखर कारखान्याचेच पॅनेल निवडून द्यायचे होते. निवडून आलेल्या गृहस्थांनी पुढे दोन वर्षांत शौचालयाच्या पाण्याविषयी एक अक्षर काढले नाही. ठेकेदार कोण असावा याविषयी मात्र ते पुष्कळ बोलले. अशा सहभागाने मुलांचे काय भले होते, हे मला कोणी तरी सांगावे.

---

करवीरची_लेक | सोमवार, रात्री ११.००

सर, आपण स्पष्ट लिहिलेत याचा मला आनंद झाला. पण एक विचारते. आपली बैठक किती वाजता असते? आमची सकाळी अकराला असते. अकरा वाजता गावात कोण असते? म्हातारी माणसे, दुकानदार, आणि ज्यांना राजकारण करायला वेळ आहे ते. म्हणजे ठेकेदारीत रस असलेलेच येतील, याची सोय आपण बैठकीच्या वेळेतच करून ठेवली आहे.

---

राधानगरीचा_मुख्याध्यापक | सोमवार, रात्री ११.१२

अकरालाच असते. उत्तर नाही.

---

पेठेतला_बाबा | मंगळवार, सकाळी ८.३०

शहरातला अनुभव सांगतो. आमच्या पेठेतल्या शाळेने पालकांची बैठक संध्याकाळी साडेसात वाजता तालमीच्या सभागृहात घ्यायचे ठरवले. वेळ उत्तम, जागा मोफत, आणि पहिल्याच बैठकीला चाळीसच्या वर माणसे जमली. सगळे खूश झाले. तिसऱ्या बैठकीनंतर एका शिक्षिकेने हजेरीपट उघडून दाखवला, तेव्हा लक्षात आले की एकही आई आलेली नव्हती. तालमीची पायरी बायका चढत नाहीत. कोणी अडवलेले नाही, पाटी लावलेली नाही, पण चढत नाहीत. आम्ही बापांनी बसून मुलींच्या स्वच्छतागृहाविषयी ठराव केला होता, आणि त्यात कचऱ्याच्या झाकणाच्या डब्याचा उल्लेखच नव्हता. पुढची बैठक शाळेच्याच वर्गात घेतली. बाकांवर बसताना आम्हा बापांचे गुडघे अडकले, पण तो डबा पहिल्या दहा मिनिटांत मंजूर झाला.

---

यंत्रमागवाली | मंगळवार, दुपारी ४.४५

मी इचलकरंजीची. आमच्याकडे अडचण आहे ती कामाच्या पाळ्यांची. नवरा रात्रपाळीला, बायको दिवसा कांड्या भरायला. दोघे एका वेळी जागे असतात असा दिवसाचा तास शोधावा लागतो. त्यातली पुष्कळ कुटुंबे परप्रांतातली आहेत. नोटीस मराठीत, बैठक मराठीत, आणि घरी मराठी वाचणारा एकच जण, तो म्हणजे तिसरीतला मुलगा. आमच्या गल्लीत तोच पालकांचा दुभाषा झाला आहे. शिक्षकांनी त्याच्याविषयी केलेली तक्रारही तोच आईला समजावून सांगतो, आता ती कशी सांगत असेल ते आपण ओळखालच.

याच संदर्भात ऊसतोड मजुरांचाही विचार व्हावा. बीडकडून टोळ्या येतात, पाच-सहा महिने आपल्या जिल्ह्यातल्या फडांवर राहतात. त्यांची मुले साखरशाळेत किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवली जातात, किंवा गावाकडे हंगामी वसतिगृहात ठेवली जातात. मूल बरोबर आणायचे की मागे ठेवायचे, हा त्या घराचा वर्षातला सर्वांत मोठा निर्णय असतो. त्या वेळी त्यांच्याशी बोलणारा माणूस एकच असतो, मुकादम, आणि त्याला कोयता (म्हणजे तोडणीला येणारी नवरा-बायकोची जोडी) मोजायचा असतो. ज्या शाळेत हे मूल चार महिने बसते, तेथील समितीत त्याच्या आईबापांना जागा नसते, कारण समिती दोन वर्षांसाठी निवडलेली असते आणि हे लोक फाल्गुनात परत जातात.

---

कक्षातली_माजी_कार्यकर्ती | मंगळवार, रात्री ९.१०

आतापर्यंतची चर्चा शाळा आणि अंगणवाडीभोवती झाली. मला त्या कुटुंबांविषयी लिहायचे आहे ज्यांचे मूल बालकल्याण समितीपुढे, म्हणजे निराधार किंवा घरी सुरक्षित नसलेल्या मुलांनी कोठे राहायचे ते ठरवणाऱ्या समितीपुढे, येते, कारण तेथे निर्णय चुकला तर मूल रस्त्यापलीकडे जाण्याऐवजी घरापासूनच दूर जाते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढे आणावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. सामाजिक अन्वेषण अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, पंधरा दिवसांत यावा लागतो आणि अंतिम आदेशासाठी मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांची मुदत आहे. कलम ३ मध्ये सोळा तत्त्वे दिली आहेत. मुलाचे म्हणणे ऐकले जावे, संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानावी आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, ही त्यांतलीच. वाचायला सुंदर आहेत. प्रत्यक्षात ती तत्त्वे त्या पंधरा दिवसांच्या अहवालात उतरतात की नाही, यावर सारे अवलंबून असते.

मी काम करीत असताना एक आजी बाहेरच्या बाकावर बसलेली आठवते. पिशवीत नातवासाठी चिरमुऱ्यांचा चिवडा आणि त्याचे लसीकरणाचे कार्ड. मुलगी वारली होती, जावयाचा पत्ता नव्हता, आणि शेजाऱ्याने कळवल्यावरून सात वर्षांच्या मुलाला संस्थेत ठेवले गेले होते. अहवालात आजीचे उत्पन्न "निरंक", घर "कच्चे", वय "अंदाजे ७०" असे लिहिलेले होते. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. पण दोन घरे सोडून राहणारी मुलाची मामी त्याला रोज रात्री जेवायला घालत होती आणि त्याचा अभ्यास घेत होती, हे त्या अहवालात कोठेही नव्हते, कारण नमुन्यात मामीसाठी रकाना नाही. आजीला कोणी विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय साहेबांपुढे बोलायचे नसते असे तिला वाटत होते. ती फक्त "हो साहेब" म्हणत राहिली.

पुढे एका सदस्य बाईंनी दहा मिनिटे तिच्याशी वेगळ्या खोलीत बोलून घेतले, तेव्हा मामी उजेडात आली. मग मामा, मामी, आजी आणि मुलाचे वर्गशिक्षक अशांना एकत्र बसवले. मूल मामाच्या घरी गेले आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला गेला. त्या योजनेत आता महिना २,२५० रुपये मिळतात; तेव्हा रक्कम बरीच कमी होती.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात हीच गोष्ट नियम म्हणून घातली. तेथे मुलाविषयी गंभीर निर्णय घेण्याआधी विस्तारित कुटुंबाची परिषद बोलावली जाते. अधिकारी आणि तज्ज्ञ आपली माहिती देतात आणि मग खोलीबाहेर जातात. कुटुंब एकटे बसून आराखडा ठरवते, आणि मुलाच्या सुरक्षिततेला धोका नसेल तर तोच स्वीकारला जातो. माओरी समाजाने आपली मुले परक्या संस्थांत जाण्याविरुद्ध जो आवाज उठवला, त्यातून ही पद्धत आली. आपल्याकडे भावकी बसून वाटणी करते, सोयरीक ठरवते, भांडण मिटवते. मग मुलाच्या प्रश्नावर तिला बसवायला आपण इतके का कचरतो, हे मला नोकरी सोडल्यावरही उमगलेले नाही.

---

शिरोळकर | मंगळवार, रात्री १०.५५

भावकीचे नाव निघाले म्हणून लिहितो. क्षमा असावी, पण भावकी बसली की मुलीचे लग्नही सोळाव्या वर्षी ठरते. बालविवाह रोखायला ग्रामसेवक प्रतिबंध अधिकारी म्हणून नेमलेला असतो, आणि गावात त्यालाच सगळ्यांबरोबर राहायचे असते. ज्या घरात मारहाण बापाकडूनच होते, तेथे बापाला निर्णयात बसवायचे म्हणजे काय करायचे? पालकांचा सहभाग हा मंत्र सरसकट म्हणू नये.

एक चांगले उदाहरणही सांगतो, नाही तर मी विरोधी पक्षात गेलो असे वाटायचे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आम्ही निवारा केंद्र झालेल्या एका शाळेत होतो. पहिले दोन दिवस मदत करणारे सगळे आपापल्या बुद्धीने वाटप करीत होते. एका-एका मुलापुढे बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग आणि तान्ह्यांसाठी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी तेथल्या पाच-सहा आयांनी एक वर्ग मागून घेतला, खिडक्यांना साड्या बांधून अंगावर पाजायची जागा केली आणि लहान मुलांसाठी मऊ भाताचे पातेले वेगळे चढवले. कोणी समिती नेमली नव्हती.

---

कक्षातली_माजी_कार्यकर्ती | बुधवार, सकाळी ६.५०

शिरोळकर, आपला मुद्दा खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. ऐकून घेणे आणि हाती निर्णय सोपवणे यांत अंतर आहे. मारणाऱ्या बापाचे म्हणणे नोंदवावे, पण मुलासमोर नव्हे, आणि आदेश समितीनेच द्यावा. तो पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येते, हे मात्र त्या बापालाही आणि त्या आजीलाही कोणी तरी त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर कुटुंबाइतकीच तिच्याशी वेगळी बैठक आवश्यक असते. गावाच्या बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असते, मुलांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद आहे. त्या मुलांना किती गावांत बैठकीला बोलावले जाते, याचा अंदाज आपण सर्वांनी आपापल्या गावावरून करावा.

आणि शेवटी, विस्तारित कुटुंब म्हणजे फक्त बापाकडची भावकी नव्हे. माझ्या अनुभवात मूल वाचवणारी मावशी, आजी, नाही तर मामी निघते, आणि भावकीच्या बैठकीत त्यांना बसायला घोंगडेही टाकलेले नसते.

---

शिरोळकर | बुधवार, सकाळी ७.३०

हे पटले.

---

निवृत्त_मुख्यसेविका | बुधवार, दुपारी १.२०

करवीरच्या ताई, मी पहिल्या दिवशी एक सुचवायचे राहिले. वेळ ठरवताना गावाचे घड्याळ पाहा. चंदगडला असताना आमच्या आया काजूच्या कारखान्यात जात, त्यामुळे आम्ही त्यांना कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, फाटकाबाहेरच्या झाडाखाली गाठत असू. वीस मिनिटे मिळत, पण सगळ्या असत. आपल्याकडे अशी जागा कोणती, हे आपल्यालाच ठाऊक असेल.

---

करवीरची_लेक | पुढच्या आठवड्यात, शनिवार, रात्री १०.४५

उशिरा लिहिते आहे, कारण काही तरी घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

आमच्या गावाचे घड्याळ म्हणजे दूध संस्था. संध्याकाळी सहा ते साडेसात सगळे गाव किटली घेऊन रांगेत असते. सोमवारी मी आणि गल्लीतल्या दोघींनी संस्थेच्या सचिवांना विचारून दराच्या फळ्याखाली खडूने लिहिले: "अंगणवाडीचा रस्ता व वेळ याविषयी बैठक, गुरुवारी रात्री सव्वाआठ, शाळेच्या पहिलीच्या वर्गात. आजींनीही यावे." शेवटच्या वाक्यावर रांगेत बरेच हसणे झाले. सेविकेला आधी जाऊन भेटले. तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की जागा हलवण्याबद्दल तिलाही आदल्या दिवशीच कळले होते. म्हणजे मुख्यसेविका बाई म्हणाल्या ते अक्षरशः खरे निघाले.

गुरुवारी एकतीस बायका, अकरा पुरुष आणि सात आज्या आल्या. ग्रामपंचायतीचे दोन सदस्य आले, सरपंच येऊन उभ्या उभ्या अर्धा तास थांबले. अंगणवाडी पुन्हा देवळाजवळ आणावी अशी माझी मागणी होती. ती टिकली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. नव्या इमारतीतल्या संडासामुळे मुलांची सोय झाली आहे, असे पलीकडच्या वस्तीतल्या आयांनी सांगितले. त्या वस्तीतली मुले आता पहिल्यांदाच नियमित येऊ लागली आहेत. मला हे माहीतच नव्हते, कारण मीही आमच्या गल्लीपलीकडे कोणाला विचारले नव्हते.

मग बोलणे रस्त्याकडे वळले. एक आजी म्हणाल्या, "रस्ता न्हाई वलांडवत मला, पण देवळापतूर मी आणते की. फुडं कुणीतरी न्या." तेवढ्यावर गाडी मार्गी लागली. देवळाच्या कट्ट्यावर मुले जमवायची आणि साडेनऊला मदतनीस ताई व पाळीने एक पालक यांनी त्यांना हात धरून पलीकडे न्यायचे, असे ठरले. पाळीचा तक्ता तेथेच फळ्यावर झाला. गतिरोधक आणि "अंगणवाडी, वाहने सावकाश" अशी पाटी यांचा खर्च महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून करता येतो का, हा विषय ग्रामसभेपुढे ठेवायचे सरपंचांनी मान्य केले. मान्य केले म्हणजे झाले असे मी समजत नाही. ट्रॅक्टर सुरू होण्याआधी गतिरोधक दिसला तर पुन्हा लिहीन.

वहीचे मात्र सांगायलाच हवे. सेविकेने इतिवृत्त तेथेच बसून लिहिले आणि सह्यांआधी मोठ्याने वाचले. वाचताना एका जाऊबाईंनी मध्येच थांबवले. "चर्चा करून एकमताने" असे तिने सवयीने लिहिले होते. एकमत झालेले नव्हते. चौघींचा पाळीला विरोध होता, कारण त्यांना सकाळी सातलाच कामावर जावे लागते. ते शब्द खोडून वर "बहुमताने, चार जणींची हरकत नोंदवून" असे लिहिले गेले, आणि खाडाखोडीवर सेविकेने सही केली. त्या चौघींना पाळीतून वगळले आहे. त्यांनी शनिवारी खोली सारवायचे, म्हणजे आता फरशी पुसायचे, काम घेतले. शेवटच्या सहीखाली रेघ मारली, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडू नये. ही युक्ती दूध संस्थेच्या सचिवांची.

सातपैकी पाच मुले शुक्रवारी आली.

---

राधानगरीचा_मुख्याध्यापक | शनिवार, रात्री ११.२०

ताई, त्या इतिवृत्ताच्या पानाचे छायाचित्र येथे टाकता येईल का? खाडाखोड दिसली तरी चालेल. आमच्याकडे पुढची बैठक २६ तारखेला आहे, रात्री आठ वाजता, आणि रोपलावण आटोपलेली आहे.

---

करवीरची_लेक | शनिवार, रात्री ११.३१

नावांवर पट्टी चिकटवून उद्या टाकते, सर. सेविकेला विचारून.